नीटनेटका संघ

प्रिय ठोंब्या,

अक्षराला हसू नकोस. गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय, आणि कागदही आमच्या दातांच्या दवाखान्यातले आहेत, मागच्या बाजूला कवळीची चित्रं छापलेली. सकाळी कामावर साचे ओतत होते, तशीच उठून निघाले. हात धुवायचेही राहिले, त्यामुळे जागोजागी पांढरे डाग दिसतील ते माझ्या बोटांचे. फोनवर बोलले असते, पण तुझा फोन कालपासून बंद आहे. तेव्हा आता वाचावं लागेल, आणि सगळं वाचावं लागेल. तुझी ताई सुरू झाली की थांबत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको.

काल संध्याकाळी आपल्या खेळाची तुझी फाईल आली. तुझे भाऊजी म्हणाले, आला का गं तुमचा क्लब? मी म्हटलं, आला, आज तुम्ही तुमचं वाढून घ्या. इतकी वर्षं झाली तरी त्यांना या खेळात चेंडू कुठे असतो ते कळलेलं नाही. परवा आमच्या नव्या डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं. मी त्यांना सांगितलं की आहे फुटबॉलच, पण कॉम्प्युटरवर, आणि त्यात आपण लाथ मारायची नसते. आपण मॅनेजर. कुणाला घ्यायचं, कुणाला विकायचं, कुणाला बाकावर बसवायचं, रुसलेल्याची समजूत कशी काढायची, एवढंच आपल्या हातात. मॅच सुरू झाली की पडद्यावर ठिपके पळतात आणि आपण नखं खात बसतो. त्या म्हणाल्या, म्हणजे संसारच की हो, मग घरचा एक पुरत नाही का तुम्हाला? मी हसले, पण उत्तर मनात तयार होतं. घरात कुणाच्या नावापुढे काही लिहिलेलं नसतं. इथे प्रत्येकाच्या नावावर गेलं की कळतं, हा थकलाय, हा नाराज आहे, याला घरची आठवण येतेय, याचा तुमच्यावरचा विश्वास उडत चाललाय. वेळेवर कळतं, म्हणून वेळेवर काहीतरी करता येतं. या एका गोष्टीसाठी मी म्हातारी होईपर्यंत हा खेळ खेळेन.

आपण सुरुवात केली तेव्हा घरात कॉम्प्युटर एकच होता आणि आपल्या भांडणांनी आईचं डोकं उठायचं. शेवटी तिनेच निवाडा केला. क्लब दोघांत एकच घ्यायचा, अर्धा हंगाम त्याने चालवायचा, अर्धा हिने. तिला वाटलं होतं चार दिवसांत कंटाळतील. आई गेली, तू एका गावात, मी दुसऱ्यात, तरी क्लब आपला अजून इकडून तिकडे फिरतोच आहे. आणि तू तो माझ्या हाती कसा द्यायचास? डाव्या बाजूला खेळणारे बचावपटू ढीगभर आणि गोलकीपर धड एक नाही. निम्म्या पोरांचे करार संपत आलेले. कुणाशी तरी कडाक्याचं भांडण करून ठेवलेलं. एकदा तर सरावाच्या प्रशिक्षकालाच हाकलून फाईल पाठवलीस आणि सोबत एकच ओळ, ताई बघ जरा. मी शिव्या घालत घालत निस्तरायचे. तू कसा आहेस ते कधी सांगितलं नाहीस. विचारलं की बराय म्हणायचास, भिंतीला विचारलं तरी तिने जास्त सांगितलं असतं. पण फाईलमधला पसारा बघितला की माझा जीव भांड्यात पडायचा. ठोंब्या ठीक आहे, जेवतोय, चिडतोय, पुढच्या हंगामात काय धुमाकूळ घालायचा ते ठरवतोय.

तू क्रेन चालवायला लागलास तेव्हा मी चिडवलं होतं की आता खरोखरचा मॅनेजर झालास, उंच केबिनमध्ये बसून खालचे ठिपके बघायचे. तुला ते आवडलं होतं. वरून सगळं सोपं दिसतं म्हणायचास, कोण मोकळा आहे, कुठे जागा आहे, खाली उभं राहणाऱ्याला हे कळतच नाही. आणि खाली तुझा जोडीदार, हातांनी खुणा करून तुला वाट दाखवणारा. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या हातांवर तुझा जास्त भरवसा. डबाही तुम्ही एकत्रच खायचात. मग क्रेनला ओझं बांधलेला पट्टा तुटला, वरचं सगळं त्याच्यावर कोसळलं आणि तो जागच्या जागी गेला. त्या दुपारनंतर तू त्याबद्दल माझ्याशी एक वाक्य बोलला नाहीस. मी येऊन राहिले तेव्हाही तू माझ्यासाठी चहा करायचास, माझं अंथरूण घालायचास आणि खिडकीकडे तोंड करून बसायचास. चौकशी झाली. पट्टा आतून कुजला होता, तो तपासणं तुझं काम नव्हतं, तू क्षणात क्रेन थांबवली होतीस, सगळं कागदावर आलं. तो कागद तू मला पाठवलास आणि खाली लिहिलंस, वाच, मी सुटलो. त्या शब्दाने मला तेव्हाही धस्स झालं होतं.

त्यानंतर फाईल यायची बंद झाली. मीही मागितली नाही, म्हटलं असू दे, खेळावंसं वाटेल तेव्हा खेळेल. म्हणून काल ती आली तेव्हा मला किती आनंद झाला सांगू! कणीक हाताला तशीच घेऊन कॉम्प्युटरपाशी धावले. उघडून बघते तर काय, सगळं जागच्या जागी. प्रत्येक जागेला दोन माणसं, एकही करार अर्धवट नाही, दुखापतवाले नीट विश्रांतीला, सरावाचं वेळापत्रक पुढच्या हंगामापर्यंत आखलेलं. कुणाच्याही नावापुढे नाराजी नाही. आपला म्हातारबा गोलकीपर, ज्याला तू गेले कित्येक हंगाम हट्टाने संघात ठेवलंस, त्यालासुद्धा तू एक निरोपाची मॅच देऊन पोरांना शिकवायच्या कामावर घेतलंस. मी तुझ्या भाऊजींना हाक मारून म्हटलं, बघा बघा, आमचा ठोंब्या शहाणा झाला. ते म्हणाले, चला, आता तुला काही कामच ठेवलं नाही त्याने.

ते सहज बोलून गेले आणि आत निघून गेले, पण मला तिथून हलता येईना. खरंच काही काम ठेवलं नव्हतंस. मी एकेक पान उघडत गेले. रडक्याला तू कप्तान केलंस. ज्याला कप्तान करण्यावरून तू माझ्याशी वर्षानुवर्षं भांडलास, गोल चुकला की हा मैदानात बसकण मारतो म्हणून ज्याची नक्कल करायचास, तो रडका कप्तान! मला हवी तशी मांडणी लावलीस, जिला तू भित्र्यांची मांडणी म्हणायचास. मी आणलेला आणि तू विकायला काढलेला तो उंच पोरगा परत घेतलास. आपली एकूण एक भांडणं तू हरून ठेवलीस, मला न सांगता. मला हे जिंकणं नको आहे रे. तुझ्याशी भांडायला मिळावं म्हणून तर मी तो रडका इतकी वर्षं लावून धरला होता, मला तरी तो कुठे एवढा आवडतो!

मग मी तुला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. मनाला समजावलं की चार्जिंग संपलं असेल. सकाळी कामावर गेले, पण लक्ष लागेना, एका आजोबांची कवळी उलटीच बसवत होते. शेवटी मावशीला फोन केला. ती कौतुकानेच सांगत होती, अगं तो येऊन गेला ना परवा, माझं ते भिंतीला भोकं पाडायचं यंत्र परत केलं त्याने, मी विसरूनही गेले होते. माझ्या शिवणयंत्रात तेल घातलं, नळ दुरुस्त केला, जाताना वाकून नमस्कार केला. एरवी वळूनसुद्धा न बघणारा पोरगा. मावशी म्हणाली, दुःखाने माणूस किती समजूतदार होतो बघ. मी हं म्हटलं आणि फोन ठेवला. समोरच्या टेबलावर ओला साचा होता, तो तसाच ठेवून मी पिशवी उचलली.

एक गोष्ट मी तुला या आठवड्यात सांगणारच होते. तुझ्या जोडीदाराच्या बायकोचा मला फोन आला होता. तू तिच्या घरी गेला होतास, बराच वेळ बसलास, पाणीसुद्धा न पिता उठलास. ती म्हणाली, मला वाटलं काहीतरी बोलेल, पण तो नुसता यांच्या चपलांकडे बघत होता. ती तुझ्यावर रागावलेली नाही. नीट वाच, मी माझ्या मनचं घालत नाहीये. ती मला विचारत होती की आता तो डबा कुणाबरोबर खातो. नवरा रोज घरी येऊन तुझ्या गमती सांगायचा, तू वरून आरडाओरडा कसा करतोस, त्याच्या वाटणीचं लोणचं कसं पळवतोस. त्या गमती तिला पुन्हा कुणाकडून तरी ऐकायच्या आहेत, आणि त्या सांगू शकेल असा तूच एक उरलायस. हे मी तिला समजावून सांगितलेलं नाही, तिचं तिनेच सांगितलं, रडत सांगितलं.

आता ते शेवटचं पान. क्लबच्या कारभाऱ्यांत नेहमी दोन मॅनेजर असायचे, तू आणि मी. काल एकच नाव होतं, माझं. मी बातम्यांच्या पानावर गेले तर तिथे खेळानेच लिहून टाकलं होतं, मॅनेजर निवृत्त झाले, क्लबने त्यांच्या सेवेबद्दल त्यांचे आभार मानले. बस्स. मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी, हंगाम अर्धा असताना. त्या यंत्राला काय कळतंय, ते कुणाचेही आभार मानेल. मी नाही मानणार. मला तुझे आभार मानायचे नाहीत आणि तुझा नीटनेटका संघ मला नकोय. मी काल रात्रभर देवाशी भांडले की देवा, माणसांच्या नावापुढेसुद्धा लिहून ठेवायला तुझं काय जात होतं. मग वाटलं, लिहिलेलंच तर होतं. तू जितकं लिहू शकलास तितकं लिहूनच पाठवलंस, तेही मलाच. ज्याला कुणाशी काहीच बोलायचं नसतं तो फाईल पाठवत नाही.

आणि आता मी कुठे बसून लिहितेय ते सांगते, म्हणजे तुला ते कळलेलंच आहे. तुझ्या दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर. हाका मारून झाल्या, दार बडवून झालं, वरच्या मजल्यावरच्या बाई पिशव्या घेऊन जाताना थांबून विचारून गेल्या. मी आले तेव्हा आत खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकला आणि मग काहीच नाही. तू हाकेला ओ देणार नाहीस हे ओळखलं, म्हणून लिहायला बसले आणि एकेक कागद भरला की दाराखालून आत सरकवत गेले. पहिला लगेच ओढला गेला, मला रडू आवरेना. दुसरा, तिसराही गेला. मघाचा मात्र बराच वेळ तसाच पडून होता, त्याचा कोपरा माझ्या बाजूला दिसत होता आणि मी श्वास धरून त्या कोपऱ्याकडे बघत होते. मग तोही हळूच गेला. मी एवढी लांबण का लावली, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या नि भाऊजी काय म्हणाले हे सगळं का उगाळत बसले, ते आता तुला समजलं असेल. तू वाचत असतोस तोवर तू दुसरं काही करत नसतोस. तुझे भाऊजी कुलूपवाल्याला घेऊन निघालेत, मदतीलाही माणसं बोलावलीयत, तुझ्यापासून काही लपवत नाही. पण ते वाटेत आहेत आणि माझ्याजवळचा हा शेवटचा कागद आहे. यानंतर मला तुला द्यायला काही उरत नाही. म्हणून हा मी पूर्ण सोडणार नाहीये. अर्धा आत सरकवतेय, दुसरं टोक माझ्या मुठीत आहे. मला काही समजावून सांगू नकोस, कसा आहेस तेही सांगू नकोस, डोळे पुसून येऊ नकोस. तू तुझ्या बाजूचं टोक फक्त धर, धरलंस की मला हाताला कळेल. आणि मग कडी काढ.

तुझीच,
इथून न हलणारी,
ताई