मलिद्याला जमलेले दहा

बाबा, तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी वाद घालायची माझी टाप नव्हती, म्हणून आता घालतेय. काल टीव्हीवर काहीतरी बघून इथली, सावेडीतली शेजारीण विचारत आली, "तुमचे लोक जगभर पांगतील आणि परत इस्राएलला जातील, हे म्हणे आधीच लिहून ठेवलं होतं. मग तुम्ही कशा राहिलात हो?" मी म्हटलं, बसा, चहा टाकते. दोन कप चहा झाला, तिच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी ऐकून झाली, पण उत्तर काही मी दिलं नाही. ते आधी तुम्हाला द्यायला हवं.

कोपरगावला साखर कारखान्याच्या चाळीत आपलं एकच बेने इस्राएल बिऱ्हाड, सगळ्या चाळीत ज्यू तेवढे आपणच. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं, गळीत हंगाम जोरात, कपड्यांना मळीचा वास. तुम्ही फिटर, सगळे तुम्हाला मिस्तरी म्हणायचे. शनिवार आपला विसाव्याचा पवित्र दिवस, चूल पेटत नसे आणि तुम्ही कामावर जात नसा. तुमची ती पाळी शेजारचे बॉयलरवाले काका करायचे, आणि दिवाळी-पाडव्याला त्यांची तुम्ही. रविवारी चर्चमधली उपासना आटोपली की मास्तर यायचे. माझ्या शाळेतले मराठीचे मास्तर, ख्रिस्ती, पवित्र शास्त्र तोंडपाठ. वर्गात अगदी छापील बोलणारे मास्तर आपल्या ओट्यावर टेकले की त्यांच्या गावचं बोलायला लागत.

"मिस्तरी, लिवलंय तसंच झालंय बगा. तुमचे लोक देशोदेशी पांगले, आन आता देव त्यास्नी गोळा करतोय. तुमी न्हाई गेलात तर वचन अर्धंच राहील की!"

"मास्तर, तिथंच असंही लिहिलंय ना, की पांगलेल्यांच्या पायाला कुठं विसावा मिळणार नाही?"

"व्हय, लिवलंय."

"मग माझं काय? आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणात लागले, तिथं त्यांना घाणा घालून तेल काढू दिलं. इथं माझा शनिवार दुसरा माणूस अंगावर घेतो. ज्याला विसावा मिळाला तो पांगलेला कसला? आणि हरवलाच नाही त्याला गोळा काय करायचं?"

"लई आडवं बोलता तुमी," म्हणत मास्तर उठायचे, आणि पुढच्या रविवारी नवा उतारा शोधून हजर! मी दाराशी बसून ऐकायची. दोघांचीही बाजू मला पटायची, हीच पंचाईत. तुम्हा दोघांचा तो करमणुकीचा विषय आहे अशीच माझी समजूत होती.

मग मुंबईहून मामाचं पत्र आलं. तो इस्राएलला निघाला होता, आणि आपल्यासाठीही फॉर्म पाठवले होते. आईनं ते डब्याखाली जपून ठेवले. तिचे तिन्ही भाऊ चालले होते, तिचा जीव तिकडे ओढणारच. मी सोळा वर्षांची, मास्तरांसारखं मराठी शिकवायचं एवढंच डोक्यात. जेवताना मी म्हणून टाकलं, "मी नाही येणार." तुम्ही घास खाली ठेवलात. "तुला विचारलंय कुणी? आईचे भाऊ तिचे कुणीच नाहीत का?" एवढंच बोललात, पण तो बोल मला फार लागला. कारण तो खरा होता.

आणि तुम्हीही आतून डळमळला होता. मास्तरांना पुरून उरणारा माणूस रात्री डब्याखालचे फॉर्म काढून पुन्हा पुन्हा वाचायला लागला. शेवटी एक दिवस आईला म्हणालात, "एलियाहू हन्नावीचा मलिदा करू, संदेष्ट्यालाच कौल लावू. पूर्ण प्रार्थनेला आपले दहा पुरुष लागतात. या मुलखातून दहा जमले तर इथं आपली वस्ती आहे असं समजू आणि राहू. नाही जमले तर सही करतो." आई हो म्हणाली. नगर, श्रीरामपूर, मनमाड, दौंड, जिथं कुठं आपलं माणूस ऐकून माहीत होतं तिथं कार्डं गेली.

मलिद्याच्या दिवशी आई भिजवलेल्या पोह्यांत गूळ-खोबरं कालवतेय. माणसं कमी यावीत असंच तिला वाटत असणार, तरी नारळ तिनं जास्तच खवले. दुपारपर्यंत रेल्वेतले, दवाखान्यातले, एकमेकांना कधी न पाहिलेले लोक टोप्या सावरत येऊन बसले. मास्तरही आले, तुमची जादाची टोपी घालून कोपऱ्यात बसले. तुम्ही ताटात फळं मांडत होता. मान वर न करता मला म्हणालात, "बघ गं, जमले का." माणसं आकड्यानं मोजायची नाहीत. दहा शब्दांचं वचन मनात म्हणत एकेकावर एकेक शब्द ठेवायचा, हे तुम्हीच शिकवलेलं. मी दारातून वचन म्हटलं आणि म्हणाले, "जमले, बाबा."

तुम्ही प्रार्थनेला उभे राहिलात. आई आत थोडी रडली, मग सगळ्यांना आग्रह करकरून वाढू लागली. दोनदा मलिदा घेऊन मास्तर म्हणाले, "म्हंजे देवाचं वचन तुमच्यापायी अडून राहिलं म्हना की!" आणि तुम्ही कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसलात.

मामाची पत्रं येत राहिली. तिथं पहिल्या रात्री त्याला घरी आल्यासारखी झोप लागली म्हणे. त्याच्यापुरतं ते वचन खरं झालं, मी त्याला हसणार नाही. आई दोनदा जाऊन भावांना भेटून आली, आणि दोन्ही वेळा परत आल्यावर पहिली भाकरी तव्यावर टाकताना गुणगुणत होती. मी तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि सुखात आहे. जगाचा इतिहास शास्त्राप्रमाणे चालतो का, ते मास्तरांनाच ठाऊक. आपल्या घराचा तसा चालला नाही, एवढं मला नक्की माहीत आहे.

हे टपालात टाकायचं तरी कुठं, वहीतच राहील. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, हे विचारायचं मी तुम्ही असेपर्यंत टाळलं. नऊच होते, बाबा. दहावा शब्द मी मास्तरांवर ठेवला.