पुलाच्या अलीकडचा रस्ता

४ मार्च
पुलाच्या दोन्ही बाजूंचे कोअर आज लॅबमध्ये आले. यंत्राने रस्त्याला भोक पाडून काढलेले डांबराचे गोल तुकडे. धुवायचं काम माझं. अलीकडचा रस्ता ह्यांनी दाबला – शेवटचा. मग एक दिवस घरी येऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. पलीकडचा भाऊजींनी दाबला, त्याच रोलरवर बसून.
ह्यांचा तुकडा दोनदा धुतला. बस त्या रस्त्यावरून जाते तेव्हा मी पाय जरा उचलून धरते. वेडेपणा. कुणाला सांगायचा नाही.
इंजिनिअरबाई म्हणाल्या, "तुकडा हलका भरला तर रस्ता नीट दाबला नाही, तेवढा उखडायचा."
ह्यांचा? शक्यच नाही.

५ मार्च
जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये भाऊजी. एकटेच. ह्यांचा तुकडा एका हातात, स्वतःचा दुसऱ्या. कुठला कुठल्या बाजूचा ते सांगणाऱ्या रंगाच्या खुणा रॉकेलने पुसलेल्या. मला बघून हसले. "वहिनी, चहा टाका. तुमचा चहा पाजला तर कोअरसुद्धा पास होईल." मग हळूच – "तुम्ही काही बघितलं नाही."
चहा टाकला नाही.

६ मार्च
अदलाबदल माणूस कशाला करतो? स्वतःचा हलका असणार म्हणूनच. गेलेल्या भावाच्या माथी मारायचं! ह्यांनीच शेजारी बसवून रोलर शिकवला त्यांना.
जेवायला वाढलं, बोलले नाही. "आज वरण पण रुसलंय वाटतं," म्हणाले. मुलगी हसली. मी नाही.

७ मार्च
इंजिनिअरबाईंना सांगितलं. भाऊजींचं नाव घेऊन. बाईंनी दोन्हीकडचे तुकडे पुन्हा काढायला लावले, स्वतः उन्हात उभ्या राहून. आता ह्यांच्या कामाला कुणी नावं ठेवणार नाही.

९ मार्च
भाऊजींचा पास. ह्यांचा हलका.
परत तोलायला सांगितलं मी. बाईंनी तोललाही. हलकाच.
खुणा पुसल्या म्हणून भाऊजींना कामावरून काढलं.

१० मार्च
भाऊजी दारातच उभे राहिले.
"दादाला झेपत नव्हतं, वहिनी. छातीत कळ आली की रोलर थांबवून खाली बसायचा. तोवर डांबर गार. गार झालं की दबत नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाला होता."
"म्हणून तुम्ही तुमचा चांगला तुकडा –"
"माझं काय. मी जिवंत आहे. दुसरं काम बघितलं असतं."
मला वाटायचं, हे नुसते दमून येतात.

११ मार्च
उद्या उखडणार. संध्याकाळी चालत गेले. हे जिथे बसायचे तिथे, रस्त्याच्या कडेला, बसून आले.
जागा भाऊजींनी दाखवली.