पत्रूभाऊंच्या खिशातला कागद

३१ मे, शनिवार. सकाळी ७.४०

१. काल संध्याकाळी ६.१० वाजता, ऊर्जानगर कॉलनीच्या क्लब हॉलमध्ये, पत्रूभाऊ मडावी यांना 'राखड इलेव्हन' या फुटबॉल संघाच्या मॅनेजरपदावरून दूर करण्यात आलं. मंडळाची मतं पाच विरुद्ध दोन.
२. आधार : माझा अहवाल. चौदा पानं, सहा आलेख.
३. पत्रूभाऊंनी अहवाल चाळला. म्हणाले, "हर्षाबाईनं लिवलं हाये ना, मंग बरोबरच असन." शिटी टेबलावर ठेवली. चहा पूर्ण प्यायले. गेले.
४. नवीन मॅनेजर : मी.
५. मला काहीही वाटलं नाही.

एकच नोंद. पान ९ वर ते वाद घालतील असा अंदाज होता. तीन उत्तरं तयार ठेवली होती. वापरावी लागली नाहीत.

१ जून, रविवार

कारकिर्दीचा आढावा एकदाचा लिहून टाकते, म्हणजे विषय संपेल.

पत्रूभाऊ, इथल्या वीज केंद्राच्या कोल हँडलिंग विभागाचे निवृत्त फिटर. एकोणीस वर्षं मॅनेजर. २१४ सामने, १३१ विजय, ४१ बरोबरी, ४२ पराभव. मैदानात पिवळी टोपी, पायात प्लांटचे सेफ्टी शूज. डावपेच सांगायची पद्धत : "तिकडून जा बापा, तिकडं कोणी नाई." चाहते याला प्रतिभा म्हणतात. चाहता म्हणजे डोकं घरी ठेवून आलेला माणूस.

मी चाहती नाही. २१४ पैकी १७१ सामनेच पाहिलेत. उरलेले ४३ मी नागपूरला इंजिनिअरिंग करत असताना झाले. त्यांचे निकाल हॉस्टेलच्या फोनवरून घेतले, कारण डेटा अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

एकूण नऊ वह्या. पहिली मी दहा वर्षांची असताना सुरू केली. पत्रूभाऊ म्हणाले होते, "तू लिवून ठेव वं पोरी, मले एवढं लिवता येत नाई." हा तपशील अहवालात नाही. गरज नव्हती.

३ जून, मंगळवार

पान ९ पुन्हा वाचलं. उत्तम आहे.

सारांश : पत्रूभाऊंनी सलग दोन सामन्यांत एकच संघ कधी उतरवला नाही. दर रविवारी सरासरी चार बदल. रोशन, आमचा एकमेव खरा स्ट्रायकर, दर तिसऱ्या सामन्यात गायब. मी आकडे संगणकातून काढले तर स्पष्ट आवर्तन निघालं : नेमकं तीन आठवड्यांचं. फॉर्म, दुखापत, समोरचा संघ, कशाशीच संबंध नाही. शिवाय निवडीआधी ते शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून बघायचे. निष्कर्ष : अंधश्रद्धा. 'देवाकडची चिठ्ठी' हा शब्द मी कंसात टाकला होता. बैठकीत त्यावर हशा पिकला. पत्रूभाऊही हसले.

इंदुताई भेटल्या. कँटीन चालवतात, मंडळाच्या सेक्रेटरी आहेत. विरोधातल्या दोन मतांपैकी एक त्यांचं. म्हणाल्या, "काऊन वं, त्या बुढ्याच्या एवढी मागं लागली? लहानपणी तं त्याच्याच मागं मागं फिरे तू, पाण्याची बाटली घेऊन."

मी सांगितलं की भावना आणि मूल्यमापन वेगळं असतं.

"हो. तुह्या चौदा पानात दिसलंच ते."

७ जून, शनिवार

योजना तयार. उद्यापासून 'कायम अकरा'. एकच संघ, तीन सामने, नऊ गुण, ६ जुलैला सेमीफायनल. रोशन प्रत्येक सामन्यात नव्वद मिनिटं. एकोणीस वर्षांत कुणाला इतकं साधं सुचलं नाही, याची कीव येते.

पत्रूभाऊंची शिटी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सरावाला मी मोबाईलचा बझर वापरते. अधिक अचूक.

८ जून, रविवार

०–२. गोलकीपर लच्छू आणि आणखी एक आलेच नाहीत. फोन बंद. माझा निष्कर्ष : एकोणीस वर्षांच्या लाडाचा परिणाम. शिस्त शून्य. योजनेत दोष नाही.

प्रेक्षकांत कुणीतरी ओरडलं, "पत्रूभाऊले बोलवा ना बापा!" चाहते.

१२ जून, गुरुवार

कळलं की पत्रूभाऊंनी कॉलनीशेजारच्या दुर्गापूरची खोली सोडली. भामरागडकडच्या आपल्या गावी गेले. तिथे फोनला रेंज नाही. माझ्याशी संबंध नाही.

आई म्हणाली, तू रडून राह्यली का? मी म्हटलं, डोळ्यात राखड गेली.

नोंद : राखेचा तलाव नैर्ऋत्येला आहे. वारा ईशान्येकडून होता.

१५ जून, रविवार

१–५. आज वेगळेच चार जण गैरहजर. लच्छू आला, पण चौथ्या गोलच्या वेळी पोस्टला टेकून उभा होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. मी विचारलं, झोपला होतास का? म्हणाला, "जराशीक लागली म्याडम."

जराशीक!

पत्रूभाऊंच्या काळात एका सामन्यात पाच गोल एकदाच खाल्ले होते. वही चार, सामना ७७. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले होते. हे व्यवस्थापन?

१६ जून, सोमवार

नोटीस टाइप केली, प्रत्येकाला हातात दिली. "रविवार, २२ जूनच्या सामन्यास उपस्थिती अनिवार्य. कोणतेही कारण ग्राह्य धरले जाणार नाही. गैरहजर खेळाडू संघातून कायमचा कमी होईल." खाली सही, हर्षा खोब्रागडे, मॅनेजर. सही जरा मोठी झाली.

इंदुताईंनी चष्मा लावून वाचली. "पोरं घाबरतीन वं." मी म्हटलं, तोच उद्देश आहे.

२२ जून, रविवार. संध्याकाळी ७.१५

२–०. अकराच्या अकरा हजर. रोशनचे दोन्ही गोल. पहिला डाव्या पायाने. आधीचे गुण धरून सेमीफायनल निश्चित.

म्हणजे सिद्ध झालं. खिशातली चिठ्ठी नाही, लाड नाही, आलूबोंडे नाहीत. एक कागद, एक सही. पान ९ मी लॅमिनेट करून घेणार आहे.

पत्रूभाऊंना निकाल कळवावा का? रेंज नाही. तरी एकदा फोन लावून पाहिला. फक्त खात्री करायला.

२३ जून, सोमवार. दुपारी १.००

रोशनचा गेटपास ठेकेदाराने जमा करून घेतला. तो राख विभागात ठेक्यावर आहे. काल त्याची बी शिफ्ट होती, दुपारी तीन ते रात्री अकरा. ड्युटी सोडून तो मैदानात आला. कायम नोकरीवाल्यांनी रजा टाकली होती, ठेक्यावरच्यांना रजा नसते.

रोशन गेटबाहेर बाकावर बसला होता. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं?

"आमाले वाटलं तुमाले ठाऊक हाये, म्याडम. तुमी तं इंजिनेर. नोटीशीवर अनिवार्य लिवलं होतं, खाली तुमची सही."

मग मीच विचारलं, पत्रूभाऊ काय करायचे?

"बी शिफ्ट असली का मले बोलावतच नोते. रातच्या सी शिफ्टवाल्याले अर्धा टाइम खेळवत, त्याची झोप झाली नसते म्हणून."

आणि खिशातला कागद?

मी थट्टा करतेय असं त्याला वाटलं असावं. "तो तं शिफ्टचा चार्ट ना, म्याडम."

पहिली शिफ्ट, दुसरी, तिसरी. दर आठवड्याला बदलते. तीन आठवड्यांनी चक्र पूर्ण. या प्लांटमध्ये हे चहावाल्यालाही माहीत आहे. मी सहा वर्षं जनरल शिफ्टला आहे. नऊ ते साडेपाच. शिफ्टची बस रोज माझ्या खिडकीखालून जाते.

एकोणीस वर्षं एक माणूस कुणाचीही नोकरी धोक्यात न घालता दर रविवारी अकरा जण जमवत होता. आणि तरी १३१ जिंकला.

आवर्तन मात्र मी बरोबर काढलं होतं. तीनच आठवडे. हे इथे नमूद केलं पाहिजे.

नाही. नसतं केलं तरी चाललं असतं.

२४ जून, मंगळवार

ठेकेदाराच्या सुपरवायझरला भेटले. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, म्याडम म्हणाला, पास दिला नाही. नोटीस मी लिहिली, चूक माझी, असं मी दोनदा सांगितलं. "तुमचं काय हाये म्याडम, आज इथी, उद्या बदली. पत्रूभाऊनं इतक्या वर्षात ड्युटीवरचा एकबी पोरगा नेला नाई. तो येऊन म्हणन का पुन्हा असं होनार नाई, तं मी आत्ता पास देतो." नाहीतर तीस तारखेला रोशनचं नाव कटणार, एक तारखेपासून दुसरा माणूस.

इंदुताईंना सांगितलं. म्हणाल्या, "अहवाल नेला ना त्या बुढ्यानं संगं. मले म्हणे, पोरीचं अक्षर तं वहीतच चांगलं होतं, हे मशीनीचं हाये."

मी विचारलं, त्यांनी बैठकीत चार्टचं का सांगितलं नाही? एक वाक्य पुरलं असतं.

"सर्व्यांसमोर तू खोटी पडली असती ना वं."

२५ जून, बुधवार

पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्यात दोन आलेख होते. खाली 'मॅनेजर' लिहिलं, खोडलं. 'निरीक्षक' लिहिलं, खोडलं. नुसतं नाव ठेवलं. हाताने लिहिलं. अहेरीहून भामरागडला जाणाऱ्या बसचा कंडक्टर इंदुताईंच्या ओळखीचा आहे, तो उद्या नेईल. शनिवारी तीच बस परत येईल. त्यानंतर नाल्यांना पाणी चढलं तर रस्त्याचा भरवसा नाही.

प्रत इथे ठेवते.

"पत्रूभाऊंस नमस्कार. मी हर्षा. माझ्या नोटिशीमुळे रोशन बी शिफ्ट सोडून सामन्याला आला आणि त्याचा गेटपास गेला. सुपरवायझर माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तीस तारखेच्या आत तुम्ही स्वतः येणं गरजेचं आहे. अहवालाचं पान ९ चूक आहे. पुढची पाच पानं त्यावरच उभी आहेत, तीही चूक. हे मी मंडळासमोर वाचून दाखवीन, सर्व्यांसमोर. सेमीफायनल सहा जुलैला आहे, त्या आठवड्याचा शिफ्टचा चार्ट सोबत जोडला आहे. शिटी माझ्याकडे आहे, मी ती वाजवलेली नाही. दहावी वही आणली आहे, कोरी आहे. येत असाल किंवा नसाल, कंडक्टरजवळ शनिवार, २८ जूनपर्यंत उत्तर द्यावं."