आईच्या बसमध्ये

३ सप्टेंबर
इथे आई-बाबांकडे येऊन आठ दिवस झाले. आईने आज पुन्हा विचारलं, "उशी उंच होते का गं?" पाहुण्यांना विचारतात तसं! माझी कागदपत्रं होईनात म्हणून सात वर्षं मावशीकडे राहिले. एवढी वर्षं आई म्हणजे फोनवरचा आवाज. आज तिला चुकून म्हणाले, "आई, ऐका ना." धाकटा खदाखदा हसला. पाच वर्षांचा आहे. इथेच जन्मला. त्याला काय, आयती आई मिळाली!

७ सप्टेंबर
धाकट्याने भिंतीवर रेघोट्या ओढल्या. "कार्ट्या, धपाटा हवाय का?" आई कडाडली. दोन मिनिटांत स्वारी तिच्याच मांडीवर!
मग मी बशी फोडली. मुद्दाम.
"असू दे, असू दे. लागलं नाही ना तुला?" तुकडेही तिनेच वेचले. नुसता जळफळाट झाला माझा.

९ सप्टेंबर
धाकटा आईच्या कुशीत झोपला. मी भिंतीकडे तोंड करून.

१२ सप्टेंबर
आई बस चालवते हे ठाऊक होतं. आज पाहिलं. मावशीकडच्या फोटोतली आई कॅमेऱ्याकडे बघायलासुद्धा लाजते. ही कोण? निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, एवढं मोठं स्टिअरिंग एका तळहाताने गरागरा फिरवते! अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला. तिने नुसतं बोट दाखवलं—ट्रकवाला मुकाट मागे गेला. काठीवाले एक आजोबा धापा टाकत येत होते, त्यांच्यासाठी थांबली. त्यांना इथल्या भाषेत काहीतरी म्हणाली, तशी अख्खी बस हसली. मला अक्षर कळलं नाही.
अभिमान वाटायला हवा होता. वाटलं एवढंच, की ही सगळ्यांची आहे, माझी सोडून.

१६ सप्टेंबर
शाळेच्या थांब्यावर उतरलेच नाही! मागच्या सीटआड वाकून बसले. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. कुणाचं काही राहिलंय का बघायला आई मागे आली, आणि मी दिसले. आधी पांढरीफटक पडली. मग—
"अक्कल गहाण ठेवलीस का? शाळेतून फोन आला असता तर कुठे शोधलं असतं मी तुला?"
"तुझ्याच बसमध्ये होते ना."
"मला पाठीला डोळे आहेत? घोडी झालीस नुसती!"
बाकीचे ड्रायव्हर चहा सोडून बघायला लागले. तिला पर्वा नव्हती. ओरडताना रडतही होती. माझं मनगट लाल होईपर्यंत धरून ठेवलं होतं.

१७ सप्टेंबर
अजून थांबलेली नाही. माझे केस, माझ्या वह्या, पलंगाखालचे मोजे—सगळं बाहेर निघालं.

१८ सप्टेंबर
धाकटा सकाळपासून फुगलाय. बाबांकडे तक्रार गेली—"आई ताईवर माझ्यापेक्षा जास्त ओरडते!"