डावीकडचे तीन बोल्ट

मी, क्लेमेंट जोसेफ रुत्कोव्स्की, वय शहात्तर, राहणार मॅरो क्रीक, मिशिगन, धंदा पूर्वी सायलेन्सर बसवण्याचा आणि सध्या नुसते बसण्याचा, हा कागद स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, येत्या सोमवारी डॉक्टर ते उघडणार आहेत आणि पुढची खात्री त्यांनी दिलेली नाही. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून घोळात घेतलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नसल्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

पहिले. राहते घर आणि मागची जागा आमच्या चर्चला, म्हणजे पॅरिशला. माझी पुतणी पॉलेट हिला घर नको आहे, तसे तिने तोंडावर सांगितले आहे. स्वयंपाकघराचे छप्पर गळते. हे आधी सांगितले नव्हते, असे पाद्रीबाबांनी नंतर म्हणू नये.

दुसरे. बँकेत जे निघेल त्यातून माझे दफन करावे, उरेल तेही पॅरिशला. भाऊ जेरोम आणि त्याची बायको आयरीन यांच्या शेजारची जागा आमच्या घराण्याच्या नावावर आहे, तिथे मला पुरू नये. दोन ओळी सोडून कुठेही चालेल. कारण चौथ्या कलमात येईल.

तिसरे. गॅरेजमधली सगळी हत्यारे, दोन्ही जॅक आणि हरणाच्या शिकारीची बंदूक शेजारी ड्वेन हॅफ्नर याला. टॉर्कचा पाना त्याने १९९८ साली उसना नेला आणि तेव्हापासून तो आपलाच असल्याचे शपथेवर सांगतो. तो पाना माझा होता. त्याच्याकडेच राहू दे, पण सरकारदप्तरी हे लिहिलेले असावे.

चौथे. शेडमधली निळी शेव्हेल गाडी, सन १९७०, मोठ्या इंजिनाची, पॉलेटला. मुळात ती तिच्या वडिलांची, म्हणजे जेरोमची. तो माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. पॉलेट नऊ वर्षांची असताना तो वारला. कसा वारला हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे: पिऊन गाडी चालवली आणि कालव्यात गेला. हे खोटे आहे. जेरोमने चौदा महिने थेंबाला शिवलेले नव्हते. तो माझ्यामुळे मेला.

आमच्याकडे अशा गाड्या हिवाळ्यात बाहेर काढत नाहीत. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्रा खाते. म्हणून मीठ पडण्याआधी एक शेवटची चक्कर मारायची आणि गाडी एप्रिलपर्यंत झाकून ठेवायची, ही रीत. १९८४ च्या नोव्हेंबरात, दुसऱ्या शनिवारी, त्या चकरेसाठी जेरोमने नवे हेडर आणि सायलेन्सर आणले. इंजिनाच्या दोन्ही अंगांना बिडाचे जड मॅनिफोल्ड असतात, ते काढून तिथे पोलादी नळ्यांचे हेडर बसवायचे आणि मागे जाड पुंगळ्या जोडायच्या. इंजिनाला मोकळा श्वास मिळतो आणि आवाज पोटात घुमतो. त्या आवाजासाठी जेरोम वर्षभर झुरला होता.

सकाळी आठला गाडी स्टँडवर चढवली. जुने दोन बोल्ट गंजून तुटले, ते काढण्यात दुपार झाली. डावा हेडर वरून घालावा तर ब्रेकचा बूस्टर आडवा, खालून घालावा तर स्टिअरिंगचा दांडा. शेवटी इंजिन एका अंगाने उचलून तो आत सरकवला. त्यासाठी गिअरचा दांडा सोडावा लागला. दांडा परत बसवला, पण त्याच्याभोवतीचे रबर कामाच्या बाकावरच राहिले आणि गाडीच्या तळाला मुठीएवढे भोक उघडे पडले. डावीकडचे मागचे तीन बोल्ट नळ्यांच्या आड येतात. पाना जेमतेम चिमूटभर फिरतो, काढायचा, लावायचा, पुन्हा चिमूटभर.

नवे हेडर बसवले की इंजिन एकदा चांगले तापवायचे, पूर्ण थंड होऊ द्यायचे आणि प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळायचा. पहिल्या तापण्यात सांध्यातले गॅस्केट दबते आणि बोल्ट सैल पडतात. थंड व्हायला तीन-चार तास लागतात. हे जेरोमला मीच शिकवले होते.

इंजिन तापवून झाले तेव्हा चार वाजले होते. रेडिओवर सांगितले की पहाटे बर्फ, म्हणजे मिठाचे ट्रक निघणार. जेरोम म्हणाला, "क्लेम, हे थंड होईस्तोवर मीठ पडेल. नदीपर्यंत जाऊन येतो, तासाभराचं काम." मी म्हटले, "उद्या आवळायचेत, विसरू नको." त्याने गाडी मागे घेतली तेव्हा डावीकडून टिकटिक आली, शिवणयंत्राची येते तशी. हेडरच्या फटीतून धूर निसटतो तेव्हा ती येते. ज्याचा जन्म सायलेन्सरखाली गेला त्याला हे सांगावे लागत नाही. मी ती ऐकली. हाक मारली नाही. थंडी वाजत होती, दिवसभर उताणा पडून पाठ मोडली होती आणि मला आत जाऊन हात धुवायचे होते.

त्याच्या काचा बंद, हीटर चालू, आणि खाली ते भोक. धुराचा वास दिवसभर आमच्या नाकात बसलेला, त्याचे काही वाटत नाही. त्यात जे मारते त्याला वासच नसतो. माणसाला फक्त पेंग येते. सरळ रस्त्यावर सातव्या मैलाला गाडी कालव्यात गेली. ब्रेक दाबल्याची खूणही नव्हती. जेरोम पाच दिवस हॉस्पिटलात होता, शुद्धीवर आला नाही.

दुसऱ्या दिवशी शेरीफच्या कचेरीतला माणूस गॅरेजात आला. त्याला जेरोमचे जुने दिवस ठाऊक होते. त्याने मला विचारले, "परत प्यायला लागला होता का रे?"

मी म्हटले, "माहीत नाही."

मला माहीत होते. माझे तेवढे बोलणे पुरले, मग कोणी रक्त तपासायच्या भानगडीत पडले नाही. गाडी ओढून माझ्याच आवारात आणली. बॉनेट उघडले तर ते तीन बोल्ट बोटाने फिरत होते आणि गॅस्केट जळून काळे पडले होते. मी ते आवळले, बाकावरचे रबर बसवले आणि गाडी झाकली. आयरीन त्यानंतर सत्तावीस वर्षे जगली. नवऱ्याने आपल्या तोंडावर चौदा महिने खोटे सांगितले, असे समजूनच ती गेली. नाताळला ती मला न चुकता पोलिश सॉसेज पाठवायची. मी ते खायचो.

पॉलेट गेली दोन वर्षे दर शनिवारी येऊन ती गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करते आहे. जुने हेडर गंजले होते, तिने नवे आणले आणि स्वतःच बसवले. हात बापाचा आहे. गेल्या शनिवारी तिने इंजिन तापवले आणि म्हणाली, मीठ पडायच्या आत बाबांच्या थडग्यापर्यंत जाऊन येते. मी बॉनेटपुढे जाऊन उभा राहिलो.

"काका, बाजूला व्हा."

"थंड होऊ दे. बोल्ट आवळायचेत."

"आल्यावर आवळते. अर्ध्या तासाचा तर रस्ता."

मी दोन्ही हात बॉनेटवर टेकले. ते भाजत होते, पण मला उचलता येईनात. तिने इंजिन बंद केले, उतरली आणि काय होतेय म्हणून विचारले. मी म्हटले, हृदय. तेव्हाही खरे सांगितले नाही. संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर तिने सगळे बोल्ट आवळले. हे चौथे कलम मी मेल्यावर तिला वाचून दाखवावे.

पाचवे. या सर्वाची व्यवस्था वकील बर्निस टॅल्मन यांनी पाहावी. वरचा मजकूर त्यांनीच पहिल्यांदा वाचला. वाचून म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला ती काय विचारणार, क्लेमेंट?" म्हणून आज गुरुवारी पॉलेटला त्यांच्या कचेरीत बोलावले आणि कागद तिच्या हातात दिला.

सहावे. हे तिने वाचल्यानंतर लिहीत आहे. तिने कागद दोनदा वाचला. मग विचारले, टिकटिक नक्की ऐकली होती ना. मी हो म्हटले. आईला हे कधी सांगावेसे वाटले नाही का, म्हणाली. मी म्हटले, दर नाताळला वाटायचे. ती खुर्ची मागे सारून उठली. मला वाटले, निघून जाईल. मग तिने टॅल्मनबाईंना विचारले, की मृत्युपत्र कोर्टात गेले म्हणजे ते कोणालाही वाचता येते का. येते, त्या म्हणाल्या.

"साक्षीदार कोण?"

"मी आणि माझी कारकून."

"कारकून नको. मी सही करते."

टॅल्मनबाई म्हणाल्या, ज्याला या कागदाने काही मिळतेय त्याची साक्ष मी घेणार नाही, उद्या कोणी बोट ठेवेल.

"मग माझं नाव खोडा," पॉलेट म्हणाली.

मी म्हटले, "पोरी, गाडी तुझ्या बापाची आहे. दोन वर्षं राबलीस तिच्यावर."

"माझे बाबा प्यायले नव्हते, असं सांगणारा जगात एवढा एकच कागद आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्याच्यावर माझी सही पाहिजे. आणि सोमवारच्या ऑपरेशनमधून जगलात, तर पॅरिशच्या हॉलमध्ये शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला उभं राहून तुम्ही हे सगळ्यांना वाचून दाखवायचं, मिस्टर रुत्कोव्स्की."

जन्मात पहिल्यांदा तिने मला काका म्हटले नाही. मी कबूल केले. म्हणून चौथ्या कलमातली पॉलेटला गाडी देणारी ओळ मी माझ्या हाताने खोडली आहे. खाली आद्याक्षरे आहेत. गाडी विकून येईल ते पॅरिशला. कलमातला बाकीचा प्रत्येक शब्द कायम.

ठिकाण: मॅरो क्रीक, मिशिगन. गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९.

लिहून देणार: क्लेमेंट जोसेफ रुत्कोव्स्की (सही)

आम्हा दोघींच्या समोर त्यांनी सही केली. त्यांची बुद्धी शाबूत आहे. या कागदाने आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार एक: बर्निस टॅल्मन, वकील (सही)

साक्षीदार दोन: पॉलेट आयरीन रुत्कोव्स्की, जेरोमची मुलगी (सही)