दादा, मी खोटा जबाब दिला होता

प्रिय दादा,

आज दुपारी कोर्टात मी खरं सांगून आले. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत, आई भिंतीकडे तोंड करून पडलीय. सांगायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून तुला लिहितेय.

तुला तो दिवस कुठवर आठवत असेल? मुलुंडला मावशीकडचा साखरपुडा. जेवणं झाल्यावर तू मित्रांबरोबर हॉलमागे गाडीत जाऊन बसलास. तासाभराने उतरलास तेव्हा तुला चप्पल सापडत नव्हती, आणि ती तुझ्या पायातच होती.

"दादा, चावी दे. मी चालवते."

तू हसलास. मी चावीला हात घातला, तर माझं मनगट असं पिरगळलंस की बांगडी फुटून आत रुतली. "चार पेगांनी मला काय होतं? बस गपचूप." कांदिवलीच्या मैदानात मला गाडी शिकवलीस ती तूच ना रे? मग त्या दिवशी माझ्या हातात का नाही दिलीस? आणि मी तरी का बसले? लोक बघत होते म्हणून. बस, एवढंच.

आरे कॉलनीतला रस्ता. लख्ख ऊन. वळणावर तू टेम्पोला ओव्हरटेक करायला गाडी उलट्या बाजूला घातलीस. समोरून रिक्षा आली. तू ब्रेकसुद्धा मारला नाहीस.

रिक्षा आपल्या बॉनेटवर चढली. स्टिअरिंग तुझ्या छातीत घुसलं. तू माझ्याकडे बघत रक्त ओकत होतास आणि त्या रक्तालाही दारूचा वास होता. रिक्षातली बाई बाहेर फेकली गेली. तिच्या डोक्याची एक बाजू रस्त्यावर होती, दादा. सुनंदाताई. नर्स होत्या, ड्युटीवर निघाल्या होत्या. रिक्षावाला हरिराम पत्र्यात अडकून ओरडत होता, "मेरा पैर, मेरा पैर." पाय कातड्यावर लोंबत होता.

दवाखान्यात पोलीस यायच्या आधी बाबा माझ्या कानाशी वाकले. "झाला ता झाला. मेलेल्या झिलाचा नाव खराब करू नको." आणि मी सांगितलं, रिक्षा अचानक आमच्या बाजूला आली. तुझ्या रक्तात दारू निघाली, तरी डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार मी होते. केस हरिरामवर झाली. त्याचा पाय कापला, त्याची रिक्षा गेली, आणि दोन वर्षं तो तारखेला कुबड्या घेऊन येत राहिला. मी मान खाली घालून बसायचे.

आज कोर्टाच्या जिन्यात सुनंदाताईंच्या मुलीने त्याला गाठलं. "माझ्या आईला मारलंस तू!" पायातली चप्पल काढून ती त्याच्या तोंडावर मारत सुटली. त्याची कुबडी सटकली. तो पायरीवर पडला, ओठ फुटला, आणि त्याने हातही वर केला नाही. लोकांनी तिला ओढून बाजूला नेलं. ती चप्पल माझ्या वाट्याची होती, दादा. माझ्या आणि तुझ्या.

आत पिंजऱ्यात मी खरं सांगितल्यावर वकिलांनी विचारलं, "म्हणजे आधीचा जबाब खोटा?"

"हो. माझा भाऊ प्यायला होता. उलट्या बाजूने आम्ही गेलो होतो."

बाहेर आल्यावर ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कानाखाली दिली, इतक्या जोरात की अजून कान वाजतोय. हरिरामने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. ते जास्त लागलं.

तुझा राग येतो रे. तुझ्या फोटोची काच फोडावीशी वाटते, आणि मग तोच फोटो कुशीत घेऊन झोपावंसंही वाटतं.

खोट्या जबाबाची शिक्षा होईल ती मी घेईन. रविवारी जोगेश्वरीला हरिरामच्या दारात जाईन. आत घेतलं नाही तर पुन्हा जाईन. आणि यापुढे कुणी विचारलं की तुमचा भाऊ कसा गेला, तर 'अपघातात' म्हणून मोकळी होणार नाही. सांगेन, तो दारू पिऊन गाडी चालवत होता, एका बाईला मारून गेला, आणि मी शेजारच्या सीटवर होते.

तुझी,
मनू