सनावळीशिवाय तीन दिवस

फ्लॉरेन्स, २ मे

प्रिय ओत्ताविया,

‘आई, हा सहलीचा बेत आहे की शिक्षा?’ हा तुझा निरोप वाचून आधी हसू आलं आणि मग लाज वाटली. बिचाऱ्या लिव्हियोने फोनवर एवढंच विचारलं होतं, की तीन दिवसांत फ्लॉरेन्समध्ये काय काय बघून होईल. मी त्याला साडेचार पानं धाडली. सकाळी सव्वाआठपासून दर वीस मिनिटांनी एक चर्च, मध्ये कॉफीला सात मिनिटं! तीस वर्षं परक्यांना आपलं गाव दाखवत हिंडलेल्या बाईला जावयाने असलं काही विचारणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. ते कागद फाडून टाका. हा दुसरा बेत.

तुझी अट मला मान्य आहे. मी एक जरी सन सांगितला, तरी तू पुढच्या गाडीने त्रिएस्तेला परत. चार वर्षांनी येते आहेस गं. रविवारी तुमच्या परतीच्या चारच्या गाडीआधीच तू निघून गेलीस तर मला सोसायचं नाही, म्हणून मी जोरात सरावाला लागले आहे.

कोपऱ्यावरची पाववाली इओले माझी मास्तरीण. दुपारी तिचं दुकान बंद झालं की आम्ही दोघी कॅथीड्रलपासून नदीपर्यंत चालतो आणि मी तोंड बंद ठेवायचं. पहिल्या दिवशी चार मिनिटं टिकले. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या तोंडात लिंबाची गोळी कोंबली, ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही म्हणाली. मी ती कडाकडा चावून संपवली. मंगळवारी तर मोठ्या चौकात एक गृहस्थ बायकोला छातीठोकपणे सांगत होते, की समोरचा डेव्हिडचा पुतळा अस्सल आहे. ती नक्कल आहे हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! मी पुढे सरसावलेच. इओलेने दंडाला धरून मला ओढत नेलं आणि वर म्हणाली, ‘लोरेत्ता, ती बाई नवऱ्याकडे किती कौतुकानं बघत होती. तुझं काय जातंय?’ काल भाजीबाजारात मी तिच्याशी बोलता बोलता उलट्या पावली चालत होते, एक हात वर करून, जणू समोर तीस माणसांचा घोळका आहे. आर्टिचोकच्या टोपलीत बसकण मारली तेव्हा कुठे कळलं. भाजीवाल्याने सहा आर्टिचोक माझ्या गळ्यात मारले.

तर बेत ऐक. शुक्रवारी दुपारी बारा वाजता तुमची गाडी येईल. गटाला वाटाड्या दिसावा म्हणून धरायचे तशी छत्री उंच धरून मी स्टेशनवर उभी राहणार नाही. पावसाची चिन्हं असली तरी छत्री घेणारच नाही. घरी येऊन जेवायचं. शिळ्या पावाचं, टोमॅटो घालून शिजवलेलं दाट सार करते आहे, तुळशीची पानं वरून भरपूर. लिव्हियोला सांगून ठेव की आमचा पाव अळणीच असतो. इओलेसमोर त्याने मीठ मागितलं तर ती जावई-बिवई काही बघायची नाही. मग झोपा, भांडा, खिडकीत बसा, काय हवं ते करा.

शनिवारी सकाळी मोठ्या संग्रहालयाची तिकिटं काढली आहेत, ती दोनच. तुम्ही जा, मी येणार नाही. काय बघायचं तेही सांगणार नाही. लिव्हियो बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, त्याला चित्रांपेक्षा छताच्या तुळया आवडल्या तर खुशाल तुळया बघू दे. बाहेर आलात की नदीपलीकडच्या गाडीवर गाईच्या पोटाच्या मांसाचा पाव खा, हिरव्या चटणीसकट. रविवारी घरीच कोवळ्या शेंगा सोलू आणि मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर कच्च्याच खाऊ.

शनिवारची दुपार मी कोरी ठेवली आहे. इओलेने कागद हातात घेऊन विचारलं, इथलं लिहायचं राहिलं का? नाही म्हटलं, मुद्दामच. तेव्हा म्हणाली, ‘शाबास. पोरीला पाहुणी म्हणून बोलाव, गट म्हणून नको.’ मला ते लागलं, कारण खरं होतं. लहानपणी तुला आईचा चेहरा किती दिसला आणि लोकांच्या डोक्यांवर धरलेली छत्री किती, याचा हिशेब मी कधी करायला धजले नाही.

चार वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आठवतो ना? तू एकटीच आली होतीस, दोन दिवसांसाठी. मी तुला अकरा चर्चमधून फिरवलं. शनिवारी दुपारी त्या छोट्या चॅपेलमध्ये, भिंतीवरच्या चित्रांसमोर, तू माझी बाही धरलीस आणि म्हणालीस, ‘आई, मला तुला काहीतरी सांगायचंय.’ मी म्हटलं, ‘आधी ते वरचं बघ, ऊन सरकलं की दिसणार नाही.’ तू वर बघितलंस. मी पुढची चाळीस मिनिटं बोलत राहिले आणि काय सांगायचं होतं हे विचारायला विसरले. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. महिन्याभराने लग्नाचा फोटो आला: नगरपालिकेच्या पायऱ्यांवर तू, लिव्हियो आणि दोन साक्षीदार. मी फोन करून म्हटलं, ‘अगं, आधी कळवायचं तरी!’ तू एकदाच ‘हं’ म्हणालीस. तेव्हापासून आपण फोनवर हवापाण्याचं बोलतो, नाताळला आणि ईस्टरला.

ओत्ताविया, फोटो यायच्या आधीच मला कळलं होतं. त्या रविवारी निघताना गाडीत खायला पाव घेतलास तेव्हा तू इओलेला सांगितलंस आणि सोमवारी सकाळी तिने गिऱ्हाइकांसमोर माझं अभिनंदन केलं. माझ्या लेकीचं लग्न मला पाववालीकडून कळावं, याचा मला असा राग आला, की मी ताठ मानेने म्हटलं, ‘हो, मला माहीतच आहे.’ तुझा फोन येईल म्हणून रोज वाट पाहिली. एक फोन मीही करू शकत होते. लग्नाला काय घालणार असं इओलेने मला विचारलं तेव्हा मला सर्दी झाली आहे, जाता येणार नाही असं मी तिला सांगितलं आणि दोन दिवस खोटंच खोकत फिरले. लग्नाच्या दिवशी बत्तीस जणांचा गट होता. त्या दिवशी मी आयुष्यात कधी बोलले नसेन एवढं बोलले. मग फोटो हातात धरून मी तुझ्याशी खोटं बोलले, आणि चार वर्षं तू समजत राहिलीस की आईने ऐकलं नाही, एवढीच तिची चूक.

हे तोंडी सांगायला गेले असते तर मी सुरुवातीलाच शहराच्या स्थापनेपासून सांगत बसले असते, म्हणून हे पत्र. चुकले गं मी. आता शनिवारच्या कोऱ्या दुपारचं ऐक. तू माझ्याशेजारी बस आणि मला सांग, ‘आई, मी लग्न करतेय.’ अगदी पहिल्यांदा सांगावं तसं. लिव्हियो समोर बसून रविवारच्या शेंगा आधीच खात असला तरी चालेल. मी तुझ्याकडेच बघेन, आणि त्या दिवशी विचारायला हवे होते तेवढेच प्रश्न विचारीन: मुलगा कोण? काय करतो? तुला हसवतो का गं? आणि मग तुझं सगळं सांगून होईपर्यंत एक अक्षर बोलणार नाही.

उशिरा का होईना, ऐकायला बसलेली,
तुझीच
आई